अँकर मोजून काय होणार?

"बातम्या देणाऱ्या निम्म्या तर मुलीच दिसतात, मग असमानता कुठे?" असा टीव्हीच्या बातम्यांबद्दलचा मुद्दा वाचला. पण पडद्यावर कोण दिसतं एवढंच मोजून भागत नाही. बातमीत कोणाचं म्हणणं घेतलं, तेही मोजावं लागतं. जगभरच्या बातम्यांची अशी मोजणी १९९५ पासून दर पाच वर्षांनी होते. तेव्हा बातम्यांत स्त्रिया होत्या १७ टक्के, २०२० मध्ये २५. पंचवीस वर्षांत आठ टक्के! बीबीसीच्या एका कार्यक्रमाने २०१७ च्या सुमारास पाहुण्यांत स्त्रिया किती, पुरुष किती, हे रोज मोजायला सुरुवात केली. त्यांचा नियम साधा: पंतप्रधान कोण असावा हे संपादकाच्या हातात नसतं, म्हणून तो मोजायचा नाही. तज्ज्ञ म्हणून कोणाला बोलवायचं हे मात्र हातात असतं. आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या रात्री टीव्हीवरच्या चर्चांत ही मोजणी करून बघा. (महिला दिन सोडून कुठलाही दिवस चालेल.)

आणि 'स्त्रिया' म्हणजे फक्त शहरी, उच्चवर्णीय नव्हेत. चित्रकूटला २००२ मध्ये बुंदेली भाषेत सुरू झालेलं 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र बघा. तिथल्या दलित, मुस्लिम, आदिवासी बायका हातपंप, रेशन आणि पोलीस ठाण्याच्या बातम्या स्वतः फिरून आणतात. आपल्या तानुबाई बिर्जे तर १९०६ नंतर 'दीनबंधु' हे सत्यशोधक चळवळीचं वृत्तपत्र चालवत होत्या. पत्रकारितेच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असेल?