बंगाली नाटकातली गाणी म्हणे ‘तोंडी लावायला’!

तळटीप
काल नाट्यगीतांच्या धाग्यावर ‘सवाई षड्ज’ यांनी जाता जाता पिंक टाकली: “संगीत नाटक फक्त मराठीचं. बंगाल्यांच्या नाटकात गाणी होती ती तोंडी लावायला. टागोर वजा केले तर उरतं काय?” उत्तर तिथेच लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

लेबेदेव या रशियन वादकाने १७९५ मध्ये कोलकात्यात पहिलं बंगाली नाटक लावलं, त्यातसुद्धा भारतचंद्राच्या कवितांना चाली लावून गाणी होती. म्हणजे आपल्या ‘शाकुंतला’च्या ८५ वर्षं आधी. ग्रेट नॅशनल थिएटरने ‘सती की कलंकिनी’ हे अख्खं गीतिनाट्य १८७४ ला केलं, तेही ‘शाकुंतल’वाल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या आधीच. जात्रेची, म्हणजे बंगाली लोकनाट्याची, तर गोष्टच सोडा. तिथे माणसं गाणी ऐकायलाच यायची.

आणि ‘सरोजिनी’. टागोरांचे थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांच्या या नाटकातल्या जोहाराच्या (राजपूत बायका चितेत उडी घेतात त्या) प्रसंगाला आधी गद्य भाषण होतं. चौदा वर्षांच्या रवींद्राला ते मिळमिळीत वाटलं, म्हणून त्याने तिथे ‘ज्वल् ज्वल् चिता’ हे गाणं लिहून दिलं. रंगमंचावर खरा जाळ पेटवायचे. तेव्हाची नटी विनोदिनी दासी आत्मचरित्रात सांगते की गात गात चितेभोवती फिरताना कुणाचे केस जळायचे, कुणाचं लुगडं पेट घ्यायचं, पण कुणाला शुद्ध नसायची. याला तोंडी लावणं म्हणायचं?

मग उरलं का नाही? कारण ती गाणी कुणाच्या गळ्यात होती ते बघा. १८७३ मध्ये बेंगॉल थिएटरने चार बायका रंगमंचावर आणल्या, त्या वेश्यावस्तीतल्या. त्यावरून विद्यासागर थिएटरच्या समितीतून बाहेर पडले. विद्यासागर! विधवाविवाहवाले! टागोरांच्या गाण्यांची स्वरलिपी झाली, ती छापली गेली, शिकवली गेली. या बायकांच्या गाण्यांच्या डोक्यावर नाटकाच्या पुस्तकात फक्त राग आणि ताल छापलेला. बाई गेली की चाल गेली.

सवाई षड्ज
पिंक? धन्यवाद. पानही आमचंच समजा.

लेबेदेवचे प्रयोग झाले दोन, मग गाशा गुंडाळला. याला परंपरा म्हणायचं तर मीही परवा सोसायटीच्या गच्चीवर ऑपेरा केला होता. मुद्दा टिकण्याचा आहे. ‘मानापमान’ १९११ चं, त्यातली पदं आजही गणपतीत कुठल्याही गल्लीत ऐकू येतात. तुमच्याकडे काय, तर १८९७ चं ‘अलीबाबा’ नाटक. मर्जिना आणि अब्दल्लाचा नाच, बारीवर झुंबड. चाल दमदार असती तर बैठकीत गेली असती. आमची गेली. चांगली गोष्ट समाजाने दाबली म्हणून गेली हे हल्ली कशालाही चिकटवता येतं.

बे एके बे
दोघंही नाटककार द्विजेंद्रलालांना विसरलात. ‘शाहजहान’ (१९०९) नाटक मुघलांचं आणि त्यात ‘धनधान्य पुष्पभरा’ हे देशभक्तीचं गाणं! बंगाली शाळांतली पोरं ते आजही म्हणतात. म्हणजे षड्ज, टिकली गाणी. आणि तळटीप, ती दाबलीही नाहीत.

तळटीप
द्विजेंद्रलाल रॉय, विलायत करून आलेले डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्यांची गाणी टिकली. मी वेगळं काय म्हणालो?

कोपऱ्यातली खुर्ची
कोलकाता राहू द्या. परवा एका नाट्यगृहात संगीत नाटक पाहिलं, पंधराशे रुपयांचा चुराडा. पेटी-तबला ट्रॅकवर! नायकाने एक तान जास्त घेतली तर ट्रॅक पुढे, हा मागे. शेवटी बिचारा नुसतेच ओठ हलवत राहिला. वन्स मोअर द्यायचा कुणाला, लॅपटॉपला? आधी यावर धागा काढा.

सवाई षड्ज
+१. पहिल्यांदाच कुणीतरी मुद्द्याचं बोललं.

लाडूवाला
बायका आणल्या म्हणून बंगाल्यांचं काय कौतुक? बायका नव्हत्या म्हणूनच आपल्याला बालगंधर्व मिळाले. तो गळा, तो शालू! कुठल्याही बाईला जमलं नसतं.

पेडणेकरीण
“कुठल्याही बाईला जमलं नसतं” हे लिहिताना हात थरथरला नाही?

माझी आजी गोव्याची, कलावंतांच्या घरातली. मुंबईला एका नाटक कंपनीत दोन वर्षं गायली. लग्न झालं आणि पेटी माळ्यावर गेली. सासरी कुणी विचारलं तर सांगायचं, ‘मुलींना भजनं शिकवायची.’ वीज गेली की अंधारात हळूच नाटकातलं पद गुणगुणायची. आम्ही पोरं ‘आजी, कुठल्या नाटकातलं?’ विचारायचो, की लगेच गप्प. चाल कुणाला येत नाही आता. मलाही अर्धीच येते. ‘दमदार असती तर टिकली असती’ हे मला सांगू नका.

आणि तिकडे ‘चैतन्यलीले’त (१८८४) विनोदिनी बाई असून चैतन्य झाली, तेही बघायला रामकृष्ण परमहंस आले. तुमच्या शालूचं कौतुक पुरे.

लाडूवाला
ताई, मी बालगंधर्वांवर बोलतोय, तुमच्या आजीवर नाही. भावनिक होऊन काय उपयोग?

पेडणेकरीण
शालूवर गहिवरणारे आम्हाला भावनिक म्हणतात!

हातीबागानवाला
विनोदिनीचा विषय निघालाच आहे म्हणून. नोकरीनिमित्त उत्तर कोलकात्यात राहायचो. घरमालक हातीबागानच्या स्टार थिएटरसमोरून जाताना हात जोडायचे, ‘इथे विनोदिनी गायली.’ थिएटरला तिचं नाव देऊ असं कंपनीवाले म्हणाले होते, ऐन वेळी ‘स्टार’ ठेवलं, ही तिची जन्माची सल. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ‘विनोदिनी थिएटर’ नाव जाहीर केलं. उशिरा का होईना.

बे एके बे
मालकांना नमस्कार, पण इमारत चुकली. विनोदिनीचं स्टार बीडन स्ट्रीटला होतं, ते विकलं गेलं. हातीबागानचं १८८८ चं, तोवर तिने रंगभूमी सोडलेली होती. ती तिथे कधी गायलीच नाही.

हातीबागानवाला
कंपनी तीच ना? नाव तेच ना? १९९१ ला आग लागली तेव्हा रस्त्यावर रडणारी म्हातारी माणसं इमारतीचा उतारा बघून रडत होती का?

बे एके बे
रडा की. पण पाटी लावताना पत्ता बघावा.

हातीबागानवाला
तुमच्यासारख्यांमुळेच इतिहास कुणी वाचत नाही.

बे एके बे
तुमच्यासारख्यांमुळे तो लिहावा लागतो.

तळटीप
अहो, गाणी! धागा गाण्यांवर आहे.

षड्ज, बारीवरच्या झुंबडीबद्दल. १९०२ मध्ये ग्रामोफोनवाला गाइसबर्ग कोलकात्यात आला तेव्हा त्याने पहिला आवाज घेतला तो शशिमुखी आणि फणिबालाचा. दोघी क्लासिक थिएटरच्या पोरी. प्रसिद्ध गायिका गौहरजान त्यांच्या मागून. ज्या नाचगाण्याला तुम्ही नाक मुरडता, त्यानेच या देशातल्या ग्रामोफोन रेकॉर्डिंगची सुरुवात झाली. गाइसबर्गला मात्र त्या आवडल्या नाहीत.

सवाई षड्ज
त्याला आवडल्या नाहीत हे तुम्हीच सांगताय, आणि पुरावा म्हणून देताय? वा.

तळटीप
साहेबाला आपली कुठली गाणी पहिल्या फटक्यात आवडली?

सवाई षड्ज
हा एक बरा होता. बरं बाबा, तोंडी लावणं नाही, अर्धं जेवण. खूश? पण १९२४ च्या ‘सीता’ नाटकात नट-दिग्दर्शक शिशिर भादुडींनी गाणं कृष्णचंद्र डे यांना दिलं. मन्ना डेंचे काका, अंध, काय गळा! म्हणजे नट बोलणार आणि गाणारा वेगळा. आमच्याकडे नायक-नायिकाच गाणार. त्याला म्हणतात संगीत नाटक.

तळटीप
म्हणूनच आमच्याकडे मरणारा नायकसुद्धा आधी अर्धा तास भैरवी आळवतो.

कोपऱ्यातली खुर्ची
ट्रॅकवर.

पेडणेकरीण
‘सीते’तल्या त्या गाण्याची जुनी तबकडी कुणाकडे आहे का? लिंक चालेल. लाडूवाल्यांनी दिली तरी चालेल.