मदत हवी आहे : बुकशेल्फ स्पीकरच्या स्टँडची उंची किती ठेवू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

लकडगंजात सागवान बघून झालं, घराजवळच्या वेल्डरशी बोलणंही झालं, पण उंचीच्या हिशोबावर गाडी अडली आहे.

बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे, एकेक साधारण सहा किलोचा. सध्या शोकेसवर ठेवलेत. वसंतराव देशपांड्यांचं गाणं लावलं आणि डग्ग्यावर जरा घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमणारा बोल) आला की शोकेसची काच थरथरते. वर जो घुमारा येतो तो त्या पोकळ फळ्यांचा. गायकाचा आवाज त्यात बुडतो, म्हणून स्टँड करायचेच आहेत.

खोली 10 बाय 14 फूट, खाली टाइल्स. मी सोफ्यावर बसतो, आई दिवाणावर मांडी घालून. दोन्ही जागा स्पीकरपासून आठेक फुटांवर. टेप लावून पाहिलं : जमिनीपासून माझा कान 39 इंचांवर, आईचा 45. स्पीकर 13 इंच उंच, ट्वीटरचा (वरच्या पट्टीचे आवाज काढणाऱ्या छोट्या भागाचा) मध्य तळापासून 10 इंचांवर. तयार स्टँड बहुतेक 24 इंची दिसतात. म्हणजे ट्वीटर 34 इंचांवर, आईच्या कानाच्या तब्बल 11 इंच खाली. घरात खरं गाणं ऐकणारी तीच आहे, तिला नीट ऐकू आलं पाहिजे ही माझी पहिली अट. 35 इंची स्टँड करून घेऊ का? की तेवढी उंची डगमगेल? घरात तीन वर्षांची भाची सारखी येत-जात असते.

दुसरं, लोखंड की सागवान? उन्हाळ्यात बाजूच्या खिडकीत कूलर लागतो, त्याची ओल दोन-तीन महिने खोलीत असते. आणि लोखंडी पाइपात रेती भरतात, त्याने खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद

भाऊ, 35 नका करू. 28 करा.

ट्वीटर कानाच्या रेषेत हवं हे बरोबर, कारण वरच्या पट्टीचे आवाज सरळ रेषेत जातात, बाजूला कमी पसरतात. पण आठ फुटांवरून पाच इंचांचा फरक म्हणजे जेमतेम तीन अंश. 28 इंची स्टँडवर ट्वीटर 38 वर येतं. तुमच्या कानाला अगदी समोर, आईंच्या कानापेक्षा सात इंच खाली, म्हणजे चारेक अंश. स्पीकरच्या पुढच्या कडेखाली अर्धा इंच जाडीचं रबर ठेवा. स्पीकरचा डबा पुढून मागे नऊ इंच धरला, तर तेवढ्याने तीन अंशांचा वर कल मिळतो. आई ऐकत असतील तेव्हा रबर ठेवा, तुम्ही एकटे असाल तेव्हा काढा.

सागवान दिसायला सुरेखच, आणि जाड, भरीव असेल तर आवाजालाही वाईट नाही. पण लहान मूल असलेल्या घरात वजन तळाशी हवं, म्हणून मी लोखंडच सांगेन. खाली 12 बाय 12 इंचांची 6 मिलिमीटर प्लेट घ्या, तिचंच वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं. वरची प्लेट स्पीकरच्या तळापेक्षा किंचित लहान ठेवा, नाहीतर कोपरे लागतात. मधे 3 इंची चौकोनी पाइप. तो रिकामा ठेवला तर घंटेसारखा वाजतो, बोटाने टिचकी मारून बघा. रेती भरली की तो नाद मरतो, शिवाय पाचसहा किलो वजन वाढतं. वरच्या प्लेटला रुपयाएवढं भोक ठेवायला सांगा, तिथून भरा. रेती बारीक चाळलेली आणि कोरडी ठणठणीत हवी, ओली गेली तर पाइप आतून गंजणार. आपल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पसरली की काम होतं. कूलरच्या ओलीसाठी पावडर कोटिंग करून घ्या, साधा रंग पोपडे धरतो.

टाइल्सवर टोकदार खिळे अजिबात नको, ओरखडे पडतील. चारही कोपऱ्यांना रबरी बूट असलेले बोल्ट लावा, फिरवून लेव्हल करता येते. स्पीकर आणि वरच्या प्लेटमधे निळ्या चिकट पुट्टीच्या चार गोळ्या दाबून बसवा, भाचीचा धक्का लागला तरी स्पीकर घसरणार नाही.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! कल देण्याचं डोक्यातच नव्हतं. 28 पक्कं, उद्याच वेल्डरला मापं लिहून देतो. एकच राहिलं : स्पीकरचं पोर्ट (खर्जाची हवा बाहेर सोडणारं भोक) मागच्या बाजूला आहे आणि दिवाणामुळे भिंतीपासून जेमतेम एक फूट जागा मिळते. चालेल का?

प्रतिसाद

एका फुटापासून सुरुवात करा. डग्गा फुगलेला वाटला तर दोन-दोन इंच पुढे ओढत जा आणि प्रत्येक वेळी आईंना दिवाणावर बसवून विचारा. खर्ज कमी करायला पोर्टमधे पायमोजा कोंबून बघायचं ते सगळ्यात शेवटी.