मदत हवी आहे: लाडक्या बहिणीचे पैसे जुन्या, बंद पडलेल्या खात्यात जातात

आमच्या काकूंना दरमहा १,५०० रुपये मंजूर आहेत. बीपीच्या गोळ्या अन् किराण्याची उधारी त्यावरच चालायची. आता पैसे ऊसतोडीच्या काळात दुसऱ्या जिल्ह्यात उघडलेल्या खात्यात जमा होतात. ते खाते केवायसीअभावी बंद आहे, शाखा दोनशे किलोमीटरवर. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंग (आधारला कोणती बँक जोडली आहे ते) पाहिले, तिथे त्याच जुन्या बँकेची जोडणी सक्रिय दिसते. गावाजवळच्या बँकेत आधार जोडणीचा संमती अर्ज दोनदा दिला, महिना झाला, बदल नाही. आधारला मोबाईल जोडलेला आहे, ओटीपी येतो. प्रवास मात्र त्यांना झेपत नाही.

नव्या बँकेकडूनच जोडणी बदलून घेता येते की आधी जुन्या शाखेतून काढावी लागते? आणि अडकलेले पैसे तिथे न जाता कसे काढायचे?