२०१८ च्या निकालानंतर आधारसक्तीला आव्हान द्यायला जागा उरली आहे का?

शिधापत्रक
रेशनकार्डधारकांच्या संघटनेसाठी चार पानी माहितीपत्रक करायचं आहे. ‘सुप्रीम कोर्टाने आधार वैध ठरवलं, आता बोलायचं काम नाही’ हे वाक्य तालुक्यातल्या कचेरीपासून दुकानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. प्रश्न तीन. २०१८ च्या निकालात नेमकं काय टिकलं आणि काय पडलं? अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारलं, तर हायकोर्टात काय घेऊन जायचं? आणि धन विधेयकाचा (राज्यसभेला अडवता न येणाऱ्या पैशाविषयीच्या विधेयकाचा) मुद्दा संपला का? कृपया वर्तमानपत्री सारांश नको, कलमांसह सांगा.

अनुच्छेद_एकवीस
आधी क्रम लक्षात घ्या. आधारला आव्हान देणारी निवृत्त न्या. पुट्टस्वामींची याचिका २०१२ ची. तेव्हा कायदाच नव्हता. जानेवारी २००९ च्या अधिसूचनेवर आधार देणारं प्राधिकरण (यूआयडीएआय) चाललं होतं, आणि आपल्या नंदुरबारमधल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला पहिला आधार क्रमांक दिला गेला तोही त्याच आधारावर. कायदा २०१६ चा. कलम ५९ ने मागचं सगळं वैध ठरवून घेतलं आणि बहुमताने ते मान्य केलं.

‘खासगीपणा हा मूलभूत अधिकारच नाही’ अशी सरकारची भूमिका होती, आधार एम. पी. शर्मा आणि खरक सिंग या जुन्या निकालांचा. म्हणून ९ न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने तो अधिकार अनुच्छेद २१ मध्ये आहे असं ठरलं. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ ला ५ न्यायाधीशांनी ४ विरुद्ध १ असा आधारचा निकाल दिला. विरोधी मत न्या. चंद्रचूड यांचं.

टिकलं: आधार कायद्याचं कलम ७, म्हणजे एकत्रित निधीतून (सरकारी तिजोरीतून) मिळणाऱ्या अनुदान-लाभांसाठी आधार, आणि प्राप्तिकराचं १३९एए, म्हणजे पॅनजोडणी. पडलं: खासगी कंपन्यांना मुभा देणारा कलम ५७ चा भाग, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली सहसचिवाच्या हुकमावर माहिती उघड करणारं ३३(२), बँक खात्याची सक्ती आणि सिमकार्डाचं मार्च २०१७ चं परिपत्रक. प्रमाणीकरणाच्या, म्हणजे आधारने ओळख पटवल्याच्या, नोंदी ५ वर्षं ठेवायचा नियम रद्द होऊन मुदत ६ महिन्यांवर आली.

तुमच्या कामाचं वाक्य मात्र बातम्यांत फारसं आलंच नाही. कलम ७ मधला ‘लाभ’ ताणायचा नाही, असं बहुमतानेच बजावलं आहे. कमावलेला हक्क, उदाहरणार्थ सरकारी कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन, त्यात बसत नाही. नीट, जेईई, सीबीएसई, यूजीसी हेही बसत नाहीत. एखाद्या विभागाने नवी सक्ती आणली की पहिला प्रश्न हाच: पैसा एकत्रित निधीतून येतो का, कलम ७ खाली अधिसूचना आहे का, आणि हा खरोखर कल्याणकारी लाभ आहे का? तिन्हीपैकी एक जरी ‘नाही’ निघालं तरी आव्हानाला जागा आहे.

पॉस_मशीन
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. ‘अंगठा लागत नाही’ एवढंच लिहिलेली याचिका टिकत नाही, कारण सरकारी वकील उठून म्हणतात, दुसरं बोट लावायचं होतं. खरं कारण मशीनच्या त्रुटी-कोडमध्ये असतं. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ३३० म्हणजे धारकाने बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे, ८११ म्हणजे मध्यवर्ती साठ्यात त्या क्रमांकाचं बायोमेट्रिकच नाही. तिन्हींचे उपाय वेगळे. ३०० मध्ये ऊसतोड, गवंडीकाम, वय यांनी झिजलेल्या रेषा असतात, पण कित्येकदा नुसतीच मळलेली काचही असते. ३३० मध्ये लॉक काढला की काम झालं. ८११ ला नोंदणी केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करण्यावाचून गत्यंतर नाही. रेंज नसल्यामुळे आलेला नकार यात मोडतच नाही, तो वेगळा लिहा.

पावती मिळाली नाही तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘प्रमाणीकरणाचा इतिहास’ काढा. मागच्या ६ महिन्यांचाच दिसतो, त्यामुळे उशीर केला की पुरावा गेला. मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि हा इतिहासही निघत नाही. गावाकडे गाडी अडते ती इथेच.

मग लेखी नकार मागा. दुकानदार देत नाहीच, तेव्हा त्याच दिवशी तहसीलला अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात दोन गोष्टी हव्याच: प्रमाणीकरण फसलं तरी लाभ द्यावा असं सांगणारं १९ डिसेंबर २०१७ चं कॅबिनेट सचिवालयाचं परिपत्रक, आणि अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८ खालचा, धान्य न मिळाल्यास द्यायचा भत्ता. पुढे कलम १५ चा जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, मग कलम १६ चा राज्य अन्न आयोग. ही पायरी गाळून थेट अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात गेलात तर ‘पर्यायी उपाय आहे’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता दाट.

शिधापत्रक
कोडचं माहीत नव्हतं, आभार. शाळांचंही लिहावं का? प्रवेशाला आधार मागतात.

अनुच्छेद_एकवीस
लिहाच. प्रवेश हा अनुच्छेद २१क चा हक्क आहे, कलम ७ चा लाभ नव्हे, असं निकालात स्पष्ट आहे. मुलाच्या नोंदणीला पालकांची संमती लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ६ महिन्यांत क्रमांक रद्द करून घेता येतो. मुख्याध्यापकांवर मात्र चिडू नका, त्यांच्या मानेवर संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी) असते आणि पटावरची आधार-पडताळणी मोजली जाते. तक्रार शिक्षण विभागाकडे करा.

दोन_सभागृहे
धन विधेयक संपलेलं नाही. १६ मार्च २०१६ ला राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. धन विधेयक असल्यामुळे राज्यसभेच्या हातात त्यापलीकडे काही नव्हतं. अनुच्छेद ११० मधल्या बाबींपलीकडचं काही असलं की विधेयक धन विधेयक राहत नाही, आणि कलम ५७ चा एकत्रित निधीशी काडीचा संबंध नव्हता. बहुमताने ते कलम छाटलं आणि उरलेलं धन विधेयक म्हणून चालवून घेतलं. रोग्याचा पाय कापून त्याला जन्मतः धडधाकट ठरवावं तसं हे झालं, असं माझं मत.

१३ नोव्हेंबर २०१९ ला रॉजर मॅथ्यू प्रकरणात ५ न्यायाधीशांनी याच विवेचनावर शंका घेऊन प्रश्न ७ न्यायाधीशांकडे पाठवला. तरीही २० जानेवारी २०२१ ला आधारच्या पुनर्विलोकन याचिका ४ विरुद्ध १ ने फेटाळल्या, तिथेही वेगळे न्या. चंद्रचूडच. मोठ्या पीठाचा निकाल येईपर्यंत हायकोर्टांना २०१८ च बंधनकारक. त्यामुळे माहितीपत्रकात हा मुद्दा एका परिच्छेदात आटपा, रेशनच्या याचिकेचा पाया तो होऊ शकत नाही.

बाहेरचा_चष्मा
परदेशातलं एक-दोन ओळी घालायला हरकत नाही. जमैकाच्या कोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये तिथला ओळखपत्र कायदा सरसकट रद्द केला, आणि त्यात न्या. चंद्रचूडांच्या विरोधी मताचा मोठा आधार घेतला. केनियात ‘हुदुमा नंबा’ या तिथल्या ओळखक्रमांक योजनेला जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने सशर्त परवानगी दिली, पण डीएनए आणि जीपीएस माहिती घेण्याची तरतूद काढून टाकली.

अनुच्छेद_एकवीस
जमैकाचा दाखला जपून द्या. तिथे नोंदणी न करणं हाच गुन्हा होता, दंडासकट. आपल्याकडे कागदावर तरी नोंदणी ऐच्छिक आहे, त्यामुळे सरकारी वकील हा फरक पहिल्याच मिनिटाला दाखवतील. त्यापेक्षा केनिया जास्त कामाचं: योजना मान्य, पण आधी यंत्रणा नीट उभी करा, ही मागणी रेशनच्या बाबतीत मुंबई हायकोर्टातही मांडता येते.