स्विफ्टचा एसी फिल्टर घरी बदलायचा आहे: कोणता घ्यावा, कसा बसवावा?

सिंहगडरोडकर
मंडळी, मदत हवी आहे. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१९ ची, नॉबवाला साधा एसी, रोजचा रस्ता धुळीचा. ब्लोअर ४ वर टाकला की आवाज पुरेपूर येतो, वारा मात्र २ वर असल्यासारखा. एसी लावल्यावर पहिली एक-दोन मिनिटं कुबट वास येतो. गॅस कमी म्हणावा तर जो काही वारा येतो तो गार आहे. सर्व्हिसच्या बिलांवर 'एसी फिल्टर साफ केला' असं लिहिलंय, बदलल्याची नोंद कुठेच नाही.

साधा घ्यावा, कार्बनवाला की पीएम २.५ वाला (हवेतले अतिबारीक कण अडवणारा)? घरी बसवता येतो का? आणि दोष फिल्टरचाच आहे हे नवीन आणण्याआधी कसं ओळखावं?

नटबोल्ट
शेवटचा प्रश्न आधी घेतो, पुढचा खर्च त्यावर ठरतो.

जुना फिल्टर बाहेर काढा, त्याचं झाकण परत लावा आणि फिल्टरशिवाय ब्लोअर १ ते ४ वर फिरवून बघा. वारा एकदम वाढला तर गुन्हेगार सापडला. फारसा फरक पडला नाही तर नवीन फिल्टर आणूनही उपयोग नाही, अडथळा पुढे आहे: ब्लोअरच्या पंख्यात पानं अडकलीत किंवा हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर मातीचा थर बसलाय. मात्र हे बघण्यापुरतंच. फिल्टर नाही म्हणून तशीच गाडी चालवू नका. कॉइल एसी चालू असताना ओली असते, धूळ तिच्यावर चिखलासारखी बसते, आणि ती नीट धुवायची तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी.

दोन खुणा अजून. वारा सुरुवातीला चांगला, अर्ध्या तासाने कमी, आणि एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसता ब्लोअर चालवला की परत चांगला, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. फिल्टर चोंदल्यानेही बर्फ धरू शकतो, पण गॅस कमी असला किंवा कॉइलचा तापमान सेन्सर बिघडला तरी हेच होतं. नुसत्या चोंदलेल्या फिल्टरचा वारा पहिल्या मिनिटापासून कमी असतो. आणि ब्लोअर फक्त ४ वर चालतो, १-२-३ वर मेलेला, असं असेल तर ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टर गेलाय. त्याचा फिल्टरशी संबंध नाही.

गॅरेजकट्टा
घरी आरामात होतं. पहिल्यांदा अर्धा तास धरा.

गाडी बंद. ग्लोव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करा, कागदपत्रं मागे सांडली तर शोधत बसाल. बॉक्स उघडा, बाजूला दोरी किंवा दांडी असेल तर ती आधी सोडवा. मग बॉक्सच्या दोन्ही बाजू हाताने आत दाबा, अडकवण्या सुटतात आणि बॉक्स खाली येतो. थंडीत सकाळी प्लास्टिक कडक असतं, तेव्हा जोर लावू नका, तुटतात त्या याच अडकवण्या. मागे फिल्टरचं आयताकृती झाकण दिसेल, त्याची क्लिप दाबून काढा. फिल्टर हळू आणि सरळ ओढा. तिरका ओढला की वरचा कचरा आतच सांडतो, म्हणून खाली वर्तमानपत्र धरा.

झाकण काढल्यावर आत फिल्टरच नाही, असंही निघू शकतं. बऱ्याच गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये जागा असते पण कंपनीतून फिल्टर येत नाही. तसं असेल तर थेट नवा घाला.

काढलेला फिल्टर फेकू नका! तोच तुमचा नकाशा. कोणती बाजू काळी आहे ते बघा: हवा त्या बाजूने येते. नव्या फिल्टरवरच्या 'एअर फ्लो' बाणाची शेपटी काळ्या बाजूकडे, टोक स्वच्छ बाजूकडे. काही फिल्टरवर 'अप' असा बाण असतो, तो हवेचा नव्हे, वरची कड दाखवणारा. लोक हमखास गोंधळतात ते इथेच. उलटा बसला तर गाडीला लगेच काही होत नाही, पण घड्यांना आधार देणारी बाजू चुकीच्या दिशेला जाते, फिल्टर लवकर चोंदतो, आणि कार्बनवाल्यात थरांचा क्रमच उलटा होतो.

नवा घालण्याआधी खाच ओल्या कापडाने पुसा, तोंडाशी असलेली पानं हाताने वेचा. त्या वेळी ब्लोअर चालू करू नका, पानं पंख्यात जातील.

आर्या_नाशिक
कोणता घ्यावा याबद्दल. दुकानात 'एसी फिल्टर' किंवा 'केबिन फिल्टर' म्हणून मागा. नुसतं 'एअर फिल्टर' म्हटलं की इंजिनचा हातात पडतो.

पांढरा साधा फिल्टर धूळ, पराग, पानांचा चुरा अडवतो. साधारण २०० ते ४०० रुपयांत येतो. करड्या-काळ्या कार्बनवाल्याला त्याच्या दीडपट-दुप्पट मोजावे लागतात. तो डिझेलचा धूर, गटाराचा, कचरा जाळल्याचा वास बऱ्यापैकी कमी करतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र तो अडवत नाही, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये एसी लावून बसणं कार्बन फिल्टर असला तरी धोक्याचंच. कार्बनची वास शोषायची ताकद धूळ साचण्याआधीच संपू शकते, म्हणजे फिल्टर दिसायला बरा पण वास येऊ लागला, असं होतं.

पीएम २.५ वाल्यांत दाट कापड असतं. चांगल्या फिल्टरमध्ये घड्या जास्त घालून पृष्ठभाग वाढवलेला असतो, स्वस्तात घड्या तेवढ्याच आणि कापड जाड. दुसऱ्या प्रकारात ब्लोअरचा वारा सरळ पडतो. तुमची तक्रारच वारा कमी असल्याची आहे, रस्ता धुळीचा आहे, तर माझं मत: साधा घ्या आणि वेळेवर बदला. रोज ट्रकच्या मागे तासभर रांगेत असाल तर कार्बन.

ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं. जुन्याची लांबी, रुंदी, जाडी पट्टीने मोजून न्या. जाडी ४-५ मिलीमीटर कमी असली तरी कडेने फट राहते, आणि हवेला सोपी वाट मिळाली की ती घड्यांतून कशाला जाईल? बसवल्यावर थोडा दाबून बसला पाहिजे, खुळखुळता कामा नये. नवा फिल्टर घडी घालून कोंबावा लागत असेल तर तो तुमच्या गाडीचा नाहीच.

ठाणेकर_चाकं
एवढं कशाला? पेट्रोल पंपावर हवा मारून घ्या, नाहीतर शाम्पूच्या पाण्यात बुडवून वाळवा. फुकटात काम.

आर्या_नाशिक
@ठाणेकर_चाकं, अहो, नाही. बारीक धूळ पकडण्यासाठी या कापडावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, पाण्या-साबणाने तो जातो. वाळल्यावर स्वच्छ दिसतो, पण बारीक कण आरपार. कॉम्प्रेसरच्या जोरात तंतू विरळ होतात, घड्यांच्या चिकटवलेल्या कडा सुटतात. शिवाय अर्धवट वाळलेला फिल्टर आत गेला की बुरशी, आणि मग त्या वासासाठी डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली! वरवरची पानं झटकणं ठीक. बिलावरच्या 'साफ केला'चा अर्थही बहुतेक वेळा हवा मारली एवढाच. 'धुता येतो' असं पाकिटावर छापलेले जाळीचे फिल्टर वेगळे, ते धुवा, पण ते बारीक धूळ तशीही फारशी अडवत नाहीत.

गॅरेजकट्टा
अनुमोदन. किती दिवसांनी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, पण धुळीच्या रस्त्यावर १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. वर्षातून एकदाच करणार असाल तर पावसाळा संपल्यावर करा: ओल खाल्लेला जातो आणि कोरड्या धुळीला नवा सामोरा जातो.

आणि उंदीर! सोसायटीत उभ्या गाड्यांत ही खरी डोकेदुखी. फिल्टरच्या कडा कुरतडलेल्या, लेंड्या, कापसाचे पुंजके दिसले तर फिल्टर बदलून भागणार नाही. हातमोजे आणि मास्क घाला, ब्लोअर चालवू नका, आधी सगळं साफ करून घ्या. उंदीर येऊ नयेत म्हणून काचेखालच्या जाळीत डांबराच्या गोळ्या टाकतात, ते करू नका. बाहेरची हवा तिथूनच आत येते, वास थेट तुमच्या नाकात.

सिंहगडरोडकर
सर्वांचे आभार. काढून बघितला. एका बाजूने काळा कुळकुळीत, घड्यांमध्ये गुलमोहराची बारीक पानं खच्चून भरलेली. फिल्टरशिवाय वारा ४ वर भरपूर येतो, म्हणजे दोष तिथेच. साधा आणून बसवला, बाण तपासून. वारा आला. कुबट वास कमी झाला, पण आहे. आणि आता लक्षात आलं, डाव्या सीटखालचं कार्पेट पुढच्या बाजूला ओलसर लागतंय.

नटबोल्ट
मग ड्रेन पाइप. कॉइलवर जमणारं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. दमट दिवशी एसी लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. डाव्या बाजूला पुढे खाली थेंब पडले पाहिजेत. कोरडं राहिलं तर नळी चोंदली, पाणी आतल्या ट्रेमध्ये साचतंय, तिथून कार्पेटवर आणि वासही तिथलाच.

नळीचं तोंड इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून बाहेर आलेलं असतं. इंजिन गार असताना पातळ केबल टाय खालून हळू आत-बाहेर करा. गढूळ पाणी भसकन येईल, तोंड बाजूला ठेवा. खालून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतून निसटली तर पुन्हा डॅशबोर्डची पाळी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका, हात पोचत नसेल तर गॅरेजच्या रॅम्पवर पाच मिनिटांचं काम आहे.

कार्पेट उचलून खालचा फोम पूर्ण वाळवा, वरून कोरडं लागलं तरी फोम पाणी धरून ठेवतो. पाणी वाहतं झाल्यावरही वास राहिला तर कॉइल क्लीनरचा फोम, फिल्टर बाहेर काढून, डब्यावर लिहिलंय तितका वेळ. पुढे रोज उतरण्याआधी तीन-चार मिनिटं एसीचं बटण बंद आणि ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते.

सिंहगडरोडकर
थेंब पडत नाहीत. रविवारी रॅम्पवर घेतो. फोम क्लीनर मारताना ब्लोअर चालू ठेवायचा की बंद?

नटबोल्ट
फवारताना बंद. डब्यावरची वेळ झाली आणि फोमचं पाणी खालून गळून गेलं की एसी बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून ब्लोअर ४ वर दहा मिनिटं. काढून ठेवलेला नवा फिल्टर त्यानंतर परत घाला, आधी घातलात तर फोमने भिजेल.