मदत हवी आहे: काळ्या मातीच्या परसात पक्की शेकोटी कशी बांधावी?

परसदार:
परभणीजवळ घर आहे. मागच्या परसात सहा-सात जणांना बसता येईल अशी लाकडाची शेकोटी बांधायची आहे. जमीन काळी, भारी. एका कोपऱ्यात शहाबादी फरशी आहे. विचार असा: दोन फूट खड्डा खणायचा, नदीतले गोटे लावायचे आणि सिमेंटमध्ये पक्कं करायचं. नाहीतर सरळ फरशीवरच विटांचं कडं करायचं. काय चुकतंय? किती सामान लागेल?

गवंडीकाम:
दोन्ही बेत सोडा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. वर निखारे पडले की पापुद्रे सुटतात, टवके उडतात. नदीचे गोटे त्याहून वाईट. आपल्याकडचा काळा दगड बारीक छिद्रांचा असतो, त्यात पाणी मुरलेलं राहतं. तापल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि गोटा फुटतो. बसणाऱ्याच्या डोळ्यात कपची जाऊ शकते.

खड्ड्याचं म्हणाल तर काळ्या मातीत पाणी जिरत नाही. पावसाळ्यात हौद होईल. शिवाय ही माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे सिमेंटचं कडं एका वर्षात तडकेल. म्हणून शेकोटी जमिनीच्या वर घ्या. साडेपाच फूट व्यासाची, दीड फूट खोल माती काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाकून, पाणी शिंपडून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन इंच उंच येऊ द्या. अर्धा ब्रास (५० घनफूट) मुरूम पुरेल.

परसदार:
दादा, मग सिमेंटऐवजी काय? आणि विटा कुठल्या?

गवंडीकाम:
भट्टीत भाजलेल्या लाल विटा, ९ × ४.५ × ३ इंची. एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाज येईल त्याच घ्या. राखेच्या विटा आणि सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते भाजलेले नसतात, जाळाने उकलतात.

मधोमध खुंटी ठोका, दीड फुटाच्या दोरीने वर्तुळ आखा. वीट आडवी न लावता तोंड आत, शेपूट बाहेर अशी लावा. तीन फुटांच्या आतल्या व्यासाला एका थरात २५ विटा बसतात. पहिल्या थरात चार दिशांना दोन-दोन इंचांच्या फटी ठेवा, तिथे दोन विटा कमी लागतील. चार थर म्हणजे फुटभर उंची. तुटफूट धरून ११५ विटा मागवा. बाहेरच्या बाजूला विटांमध्ये पाचरीसारखी जागा राहते, ती रोड्यांनी (विटांच्या तुकड्यांनी) आणि चिखलाने भरा. सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

चिखल धाब्याच्या घराला वापरतात त्या पांढऱ्या मातीचा. त्यात गव्हाचा भुसा मिसळून रात्रभर मुरवा, सकाळी तुडवा. काळी माती घातली तर वाळताना आकसते आणि सांधे उघडे पडतात. तळाला आत चार-पाच घमेली कोरडे रोडे पसरा.

तुराटी:
फायरब्रिक (भट्टीची उष्णता सोसणारी वीट) लावली तर कडं जास्त टिकेल, पण अर्ध्या तासाच्या शेकण्याला ती चैन आहे. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची २८ इंची जुनी रिम आत ठेवा. विटांना थेट जाळ लागत नाही. पहिल्यांदा रंग जळताना वास येतो, तेव्हा जवळ बसू नका. जस्ताचा मुलामा असलेलं पिंप मात्र वापरू नका, त्याची वाफ छातीला घातक.

काळी_कसदार:
जागा ठरवली का? हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणून शेकोटी घराच्या नैऋत्येला. कडब्याची गंजी आणि कापूस साठवलेली खोली यांच्यापासून शक्य तितकं लांब. पऱ्हाट्यांच्या ठिणग्या उडतात, त्या फक्त पेटवायला घ्या, पाच-सात काड्या. मुख्य सरपण बाभळीचं, मनगटाएवढं फोडून निदान सहा महिने वाळवलेलं. ओलं असलं तर टोकाला पाणी फेसाळतं आणि सगळा धूर तोंडावर येतो. धूर होतोय म्हणून रॉकेल ओतू नका, तळच्या फटी राखेने बुजल्यात का ते आधी पाहा.

परसदार:
आणि विझवायची कशी? पाणी?

गवंडीकाम:
तापलेल्या विटेवर पाणी नको, ती तडकते. लाकूड जळून जाऊ द्या, मग निखाऱ्यांवर कोरडी वाळू टाका. बादलीभर पाणी शेजारी असावं, ते ठिणगी कुठे पडली तर. बांधल्यावर आठ-दहा दिवस वाळू द्या आणि पहिले दोन-तीन जाळ तुराट्यांचे, हलकेच.

काळी_कसदार:
निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत नेऊ नका. बंद खोलीत त्याचा विषारी वायू कळतही नाही. राख दुसऱ्या दिवशीही आतून धगधगती असते, पत्र्याच्या डब्यात ठेवा. काळ्या जमिनी आधीच विम्ल (अल्कधर्मी), राखही तशीच, म्हणून राख सगळीच कुंडीत ओतू नका.