घरी दीड दिवसाचा गणपती आणि सासूबाईंना ऑक्सिजन, आरतीचं काय करायचं?

कोपरीची_सून: आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत. सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार. बिडीला कधी हात लावला नाही, पण संगमेश्वरकडे निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं, डॉक्टर त्या धुरालाच दोष देतात. आता घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन आहे, मिनिटाला दोन लिटरवर, दिवसाचे १५ तास तरी लावायचा. मशीन बेडरूममध्ये, नळी हॉलपर्यंत पोचते. निरांजनाजवळ बसू नका म्हटलं की उत्तर तयार: "मग देवाला काय आतूनच हात जोडू?" आणि धूप-कापूर बंद केला तर चुलतसासरे मला जिवंत सोडणार नाहीत. कुणी निभावलंय का हे?

ऐरोलीकर: आमचे बाबा ऑक्सिजनवर होते. समई, निरांजन, गॅस, सगळ्यापासून दहा फूट लांब. ऑक्सिजन स्वतः जळत नाही हो, पण पदरात, गोधडीत मुरला की साधी ठिणगी भडकते. नळी काढली की मशीन आधी बंद. चालू नळी गादीवर टाकायची नाही.

नाना_कळवा: उगाच बाऊ. आमची आजी दम्याची, तरी होमाला बसायची.

कोपरीची_सून: नाना, आजींच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती का?

वाशीची_फिजिओ: आग टळली तरी धूर राहतोच. धूप, अगरबत्तीने श्वासनळ्या आवळतात, दम लागतो. मग एखादा हौशी पाहुणा दोनाचे चार लिटर करतो. ते करू देऊ नका. सीओपीडीत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात. जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगतो. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्यातलं जेल मिळतं ते लावा.

कोपरीची_सून: ठरलं. जांभळी नाक्यावरून विजेची समई आणली. धूप बंद, कापूर गॅलरीत, दार लावून. निरांजन एकच, मखरापाशी, हे धरतील. सासूबाईंची खुर्ची बेडरूमच्या दारात. टेपने मोजलं, बारा फूट भरतं. चुलतसासऱ्यांना त्यांनीच फोनवर झापलं, मला बोलावंच लागलं नाही! लाईट गेली तर हाताशी असावा म्हणून छोटा सिलिंडर भाड्याने घेतोय. तो उभा बांधून कसा ठेवता तुम्ही? घरात पोरं धुडगूस घालतात.

ऐरोलीकर: भिंतीला हुक मारून साखळीने. स्वयंपाकघराच्या बाजूला मात्र नको.